परसातली बार्शी लाइट

आमच्या घरात हिशेबाची वही माझ्याकडं असते. सोलापुरातल्या एका टॉवेलच्या कारखान्यात मी बावीस वर्षं हिशेब लिहिले. कारखान्यानं यंत्रं निम्मी केली तेव्हा माणसंही निम्मी केली आणि गेलेल्या निम्म्यांत मी होतो. आता दोन दुकानांची जीएसटीची कामं आणि संध्याकाळी एका दवाखान्यात पावत्या फाडणं, असं करून घर चालतं. दूध, शाळेची फी, अण्णांची औषधं, सगळं त्या वहीत असतं. तीच वही उलटी धरून मागच्या बाजूनं मी एक पान सुरू केलं आणि वर लिहिलं, ‘रेल्वे. मर्यादा रु. 5,000.’

पाच हजारांचा आकडा बायकोचा. मी आठ म्हणालो होतो. ती म्हणाली, “आठात पोरीची पुढच्या वर्षाची वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट सगळं बसतं.” त्यावर काही बोलण्यासारखं नव्हतं.

हे खूळ घरात आणलं ते पोरीनंच. पाचवीची सहल पुण्याला गेली तेव्हा कोथरूडमधलं जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय तिनं पाहिलं. हातभर लांबीच्या गाड्या, वेळेवर खाली-वर होणारे सिग्नल, बोटाएवढी माणसं. घरी आल्यावर जेवता जेवता ती म्हणाली, “आपल्या परसात जागा आहे की.” जागा आहे हे खरं. हद्दवाढ भागातलं आमचं घर लहान आहे, पण मागं बावीस फूट बाय चौदा फूट मोकळं आहे. त्यात एक लिंबाचं झाड, धुण्याचा दगड आणि कपड्यांची तार. नोकरी गेल्यापासून पोरीनं माझ्याकडं काही मागितलं नव्हतं. तिला कुणी सांगितलंही नव्हतं मागू नको म्हणून. त्यामुळं तिनं हे मागितल्यावर मला नाही म्हणता येईना.

बागेत रेल्वे मांडण्याचा छंद जगात जुना आहे. जर्मनीतल्या लेहमान कंपनीनं 1968 मध्ये बागेत, उन्हापावसात चालतील अशा मोठ्या खेळण्यातल्या गाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या दोन रुळांमधलं अंतर 45 मिलिमीटर. पुढं ते माप बऱ्याच ठिकाणी रूढ झालं. पितळेचे रूळ, रुळांतून वीज, वीजेवर इंजिन. त्यांच्या किमती मी बघितल्या आणि ते पान मिटलं. इंजिनासकट एक साधा गोल मार्ग आपल्याकडं येईपर्यंत माझ्या जुन्या दोन पगारांएवढा पडत होता.

पण त्या 45 मिलिमीटरनं मला एक हिशेब सुचवला. आमची, म्हणजे मी ज्या गाडीच्या आवाजात वाढलो ती बार्शी लाइट रेल्वे, अडीच फूट रुंदीची. अडीच फूट म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 45 नं भागलं की जवळजवळ सतरा येतात. परसातली गाडी मूळ गाडीच्या सतराव्या हिश्श्याची होणार. माझे वडील साडेपाच फूट उंच. त्या मापात ते दहा सेंटिमीटरांचे होतील. हे शेवटचं गणित मी वहीत मांडलं खरं, पण घरात कुणाला सांगितलं नाही.

वडिलांबद्दल सांगायला हवं. अण्णा बार्शी लाइटवर गँगमन होते. आता त्या हुद्द्याला ट्रॅक मेंटेनर म्हणतात. एकोणीसशे पासष्टच्या सुमारास हंगामी खलाशी म्हणून लागले, पुढं कायम झाले आणि शेवटची काही वर्षं मुकादम होते. त्यांची गँग येडशीच्या बाजूची. पहार, टिकाव, बीटर, घमेलं. रूळ दबला की स्लीपर उचलायचा, खाली खडी ठोकून भरायची, गेज मोजायचं, पुढं सरकायचं. उन्हाळ्यात लोखंडाला हात लावता येत नसे, म्हणून पहाटेच जायचे. निवृत्त झाल्यावर काही वर्षांतच मार्ग रुंद झाला. 2008 मध्ये कुर्डुवाडीपासून लातूरपर्यंत मोठी गाडी सुरू झाली आणि अण्णांनी चाळीस वर्षं ज्या रुळांखाली खडी भरली ते रूळ उचलून नेले. त्याबद्दल ते कधी काही बोलले नाहीत. आई गेल्यावर ते आमच्याकडं राहायला आले. गुडघे गेलेत. सकाळी साडेपाचला उठतात आणि परसातल्या पायरीवर बसतात.

मी रेल्वे बांधायची ठरवली तेव्हा त्यांना विचारलं नाही. का विचारलं नाही, याचं उत्तर मला तेव्हा द्यायचं नव्हतं.

फेब्रुवारीत सुरुवात केली. स्वस्तातली युक्ती मी बरोबर शोधली होती, हे आजही म्हणेन. रुळांतून वीज न्यायचीच नाही. इंजिनाच्या पोटातच बॅटरी ठेवायची. मग रूळ पितळेचे असायची गरज उरत नाही, गंजले तरी चालतात. भंगारबाजारातून लोखंडाची बारा मिलिमीटर रुंद, तीन मिलिमीटर जाड पट्टी आणली. ती कडेवर उभी केली की रूळ झाला. उभी पट्टी वाकवायलाही सोपी, चार फुटांच्या त्रिज्येचं वळण हातानं बसतं. खुंटीला सुतळी बांधून दोन अर्धवर्तुळं आखली, मध्ये बारा-बारा फुटांच्या दोन सरळ बाजू. सगळा फेरा एकोणपन्नास फुटांचा. त्याला दुप्पट पट्टी लागली. वजन नऊ किलो, 630 रुपये.

स्लीपर सुताराकडच्या सागवानी तुकड्यांचे. एक पोतं 150 रुपयांना. पाच सेंटिमीटरवर एक, म्हणजे तीनशे स्लीपर, आणि प्रत्येकात पट्टी बसायला दोन खाचा. हेक्सॉच्या चौकटीत तीन पाती एकत्र बांधली की एका ओढीत पट्टी घट्ट बसेल एवढी फट पडते. सहाशे खाचा मी आणि पोरीनं तीन आठवड्यांत पाडल्या. अण्णा पायरीवरून बघत होते.

इथपर्यंत ठीक होतं. मग मी दिसण्याच्या मागं लागलो. नर्सरीतून गुळगुळीत पांढरे गोटे आणले, 900 रुपयांचे. एक शोभेचा प्लास्टिकचा पूल आणला, 650 रुपयांचा. परसातली माती वरवर सारखी केली, तिच्यावर गोटे पसरले, गोट्यांवर रूळ ठेवले. सांधे अगदी टोकाला टोक भिडवून जोडले, फट राहू नये म्हणून कानशीनं घासून. फार सुरेख दिसत होतं. मोबाइलवर फोटो काढले.

अण्णा त्या दिवशी पायरीवरून उठून आले. वाकून एक गोटा उचलला, तळहातावर फिरवला आणि म्हणाले, “ह्ये गोटं लोळत्यात. खडी येकमेकीत अडकती.”

मी म्हणालो, “बघू.”

“आन् खाली काळी माती हाय.”

“अण्णा, हे खेळणं आहे. तुमची गँग नाही.”

ते गोटा खाली ठेवून परत पायरीवर जाऊन बसले. माझा आवाज चढलेला नव्हता. पण ‘तुमची गँग’ हे मी कसं म्हणालो ते मला ऐकू आलं, बायकोला स्वयंपाकघरात ऐकू आलं आणि अण्णांना तर आलंच असणार.

मी आठवीत असतानाची गोष्ट आहे. शिकायला मी बार्शीला मामाकडं होतो. शाळेच्या दाखल्यावर वडिलांचा व्यवसाय ‘रेल्वेत नोकरी’ असा होता. खोटं नव्हतं. वर्गातली पोरं आपापल्या मनानं कुणी गार्ड समजत, कुणी स्टेशनमास्तर. मी कुणाला दुरुस्त केलं नाही. त्या वर्षी शाळेची सहल येडशीला, रामलिंगला निघाली, बार्शी लाइटनंच. येडशीच्या अलीकडं वळणावर गाडी हळू झाली. तशी ती हळूच असायची. रुळाच्या कडेला गँग उभी होती, हातातली हत्यारं खाली टेकवून, गाडी जाईपर्यंत. तिसरे अण्णा होते. डोक्याला फडकं, अंगावर घामानं चिकटलेला सदरा, हातात बीटर. माझ्या शेजारच्या पोरानं त्यांच्याकडं बोट दाखवून काहीतरी म्हटलं आणि सगळे हसले. काय म्हटलं ते मला आठवत नाही. मी खिडकीपासून तोंड फिरवून घेतलं, एवढं आठवतं. गाडी इतकी हळू होती की तोंड फिरवून ठेवायला बराच वेळ लागला.

त्या सुट्टीत घरी गेलो तेव्हा अण्णांनी काही विचारलं नाही. मी काही सांगितलं नाही. पस्तीस वर्षं तो विषय तसाच राहिला.

आता परसातल्या रुळांचं काय झालं ते सांगतो. एप्रिलच्या शेवटी सोलापूरचं ऊन कसं असतं ते आमच्याकडं एकदा आलेल्या माणसालाही ठाऊक असतं. एक दिवस दुपारी दवाखान्यातून लवकर आलो तर डाव्या हाताची सरळ बाजू सरळ राहिली नव्हती. बारा फुटांच्या मध्यावर रूळ स्लीपरांसकट दोन बोटं बाहेर सरकले होते, सापानं वळण घेतल्यासारखे. लोखंड उन्हानं वाढतं. बारा फुटांच्या पट्टीची वाढ जेमतेम दीड मिलिमीटर. पण दोन्ही टोकांना वाढायला जागा नसेल तर ती वाढ बाजूला पडते, आणि बाजूला पडताना दीड मिलिमीटरची दोन बोटं होतात. मी सांधे भिडवून जोडले होते ना. शिवाय गोटे. रुळानं ढकललं आणि गोटे बाजूला झाले.

जूनच्या पहिल्या दोन पावसांत उरलेलं झालं. काळी माती पाणी पिऊन फुगली, लिंबाकडची बाजू वर आली आणि पुलाकडची खाली बसली. गोटे चिखलात बुडाले. प्लास्टिकचा पूल तेवढा जागेवर होता, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना रूळ हवेत. पोरगी दारात उभी राहून बघत होती. रडली नाही. म्हणाली, “राहू दे बाबा, आपण नंतर कधीतरी करू.” दहा वर्षांच्या पोरीच्या तोंडात ‘नंतर कधीतरी’ हे शब्द आले कुठून ते मला कळत होतं. गेलं वर्षभर घरात तेच शब्द होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे पहारीच्या आवाजानं जाग आली. परसात उजेड धड झाला नव्हता. अण्णांनी गोणपाट घडी करून जमिनीवर टाकलं होतं, त्यावर बसून ते खणत होते. रूळ उचलून भिंतीला लावलेले, गोटे एका बाजूला ढीग करून ठेवलेले. हातभर खणायचं, गोणपाट पुढं ओढायचं, सरकायचं. गुडघ्यांमुळं उभं राहून जमत नव्हतं. मी तसाच गेलो आणि पहार मागितली. त्यांनी दिली नाही. “तू माती उचल,” म्हणाले.

मग आठ दिवस मी त्यांच्या हाताखाली होतो.

काळी माती वीतभर खोल काढून टाकली. “ही माती उन्हाळ्यात भेगाळती, पावसात फुगती. हिच्यावर काय बी ठिवू नगं.” गल्लीच्या टोकाला बांधकाम चाललं होतं, तिथून पन्नास-पंचावन्न घमेली मुरूम आणला. मुरूम फुकट, वाहणाऱ्या पोराला 100 रुपये. थर देऊन, पाणी मारून, चोपून बसवला. लिंबाच्या आळ्याचं पाणी मार्गाखाली येऊ नये म्हणून त्या अंगानं नाली काढली. गवंड्याकडून पाण्याची लेव्हल ट्यूब एका दिवसापुरती मागून आणली आणि फेरा सगळा सारख्या उंचीवर घेतला. मुरमावर खडीच्या क्रशरची बारीक कच, चार पोती, 160 रुपये. कचेचा एकेक दाणा कोनाकोनांचा. मुठीत दाबला की टोचतो.

गेज मोजायला अण्णांनी पट्टीच्याच तुकड्याला दोन खाचा मारून एक माप केलं. सरळीवर 45, वळणावर 46. मी विचारलं, वळणावर जास्त का? “वळताना चाकाला अंग घ्यायला जागा लागती.” वळणावरचा बाहेरचा रूळ दोन मिलिमीटर उचलला. सांध्याला दोन्ही बाजूंनी छोट्या पट्ट्या, म्हणजे फिशप्लेट, आणि बारीक नट-बोल्ट, 140 रुपयांचे. बोल्ट मी करकचून आवळायला लागलो तर त्यांनी हात धरला. “सांधा धरून ठिवायचा, दाबून न्हाई.” जोडताना दोन पट्ट्यांच्या मध्ये हेक्सॉचं मोडकं पातं उभं ठेवायचं, बोल्ट लावायचे आणि पातं काढून घ्यायचं. राहिलेली फट उन्हाची.

हे सगळं त्यांना कुठल्या पुस्तकातून आलेलं नाही. सही करता येते, वाचायला जड जातं. पण मी मात्र त्या दिवसांत बार्शी लाइटचं मिळेल ते वाचत होतो आणि रात्री जेवताना त्यांना सांगत होतो. ती रेल्वे बांधणारा इंग्रज इंजिनिअर एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. 1897 मध्ये बार्शी रोड म्हणजे कुर्डुवाडीपासून बार्शी गावापर्यंत पहिली गाडी धावली. पुढं 1906 ला पंढरपूर, 1911 ला लातूर, 1927 ला मिरज. 1954 मध्ये सरकारनं ती विकत घेतली. कॅल्थ्रॉपचं म्हणणं असं की गरीब मुलखाला महागडी रेल्वे परवडत नाही, पण म्हणून त्याला रेल्वेच नको असं नाही. त्यानं ठरवलं की कुठल्याही एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, मग ते इंजिन असो की मालाचा डबा. भार सारखा वाटला की रूळ हलका चालतो. यार्डाला तीस पौंडांचा. आजच्या मोठ्या मार्गावरचा रूळ त्याच्या चौपट जड असतो. लीड्सच्या किटसन कारखान्यातून त्यानं आठ जोडचाकांची इंजिनं आणली ती त्याचसाठी, वजन जास्त चाकांवर पसरावं म्हणून.

अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता ऐकलं. म्हणाले, “सायेब शाना हुता. पर रूळ हलका म्हणल्यावर खाली ध्यान जास्त द्यावं लागतं. त्ये त्यानं लिवलंय का?”

लिहिलं असेल. मी वाचलेल्यात नव्हतं. हलक्या रुळाच्या खाली वर्षभर, ऊन असो पाऊस असो, खडी ठोकत राहणारी माणसं लागतात, आणि ती स्वस्त मिळतात, हे त्या हिशेबात धरलेलंच होतं. माझ्या वहीतसुद्धा तेच होतं. पट्टी, सागवान, कच, बोल्ट, प्रत्येकापुढं आकडा. अण्णांच्या आठ दिवसांपुढं काही नाही.

इंजिनाचं थोडक्यात सांगतो. एमआयडीसीतल्या लेथवाल्याकडून कडेला ओठ असलेली बारा चाकं आसांसकट करून घेतली, 840 रुपये. अण्णांनी पाठवलेला निरोप एकच होता, चाकाचा माथा सपाट नको, आतून बाहेर किंचित उतरता हवा. त्या उतारामुळं गाडी आपोआप दोन रुळांच्या मध्ये राहते. लेथवाला म्हणाला, “हे कोण सांगतंय?” मी म्हणालो, “माझे वडील. रेल्वेत होते.” मग थांबून म्हणालो, “गँगमन होते.” त्यानं मान हलवली आणि दोन चाकांची मजुरी कमी धरली.

बॉयलर उरलेल्या पीव्हीसी पाइपाचा, केबिन तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, धुराडं औषधाच्या बाटलीचं झाकण. मिनिटाला शंभर फेरे घेणारी गिअर मोटर 280 रुपयांची. बॅटरीचे सेल जुन्या लॅपटॉपमधून काढले, ते ज्याचं दुकान आहे त्याच्याकडूनच तपासून घेतले. चार्जिंगचा बोर्ड, स्विच, वायर 220. पाती 120, एम-सील 90, रंग 180. चाळीस मिलिमीटरचं चाक मिनिटाला शंभर वेळा फिरतं म्हणजे एक फेरा साधारण सव्वा मिनिटाचा. मापानं गुणलं तर ताशी तेरा किलोमीटर. येडशीच्या घाटात मूळ गाडीही कधी कधी एवढीच जात असेल.

सगळा खर्च 4,460 रुपये. त्यातले गोट्यांचे आणि पुलाचे 1,550, म्हणजे तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त, पाण्यात गेले. गोटे आता तुळशीभोवती आहेत. काटकसर करायला बसलेल्या माणसानं पैसे घालवले ते वर दिसणाऱ्या गोष्टींवर, आणि फुकटात मिळणारा सल्ला नाकारला. हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे वहीत लिहिताना बरं वाटलं नाही, पण लिहिलं.

जुलैच्या एका संध्याकाळी पाऊस उघडला होता. गाडी सोडली. इंजिन आणि मागं दोन डबे. सांध्यांवरून जाताना टक-टक, टक-टक आवाज आला. मी फटी भरल्या होत्या तेव्हा हा आवाज नव्हता. अण्णांनी मान तिरकी करून तो ऐकला, आणि चौथ्या फेऱ्याला म्हणाले, “लिंबापाशी तिसरा सांधा बसलाय.” बघितलं तर खरंच बसला होता, नखभर. कच भरली.

पोरीनं शाडूची माणसं केली होती, दहा-दहा सेंटिमीटरांची. स्टेशनमास्तर, झेंडा घेतलेला गार्ड, टोपी घातलेला ड्रायव्हर, फलाटावर एक बाई आणि तिची ट्रंक. सगळी मांडून झाल्यावर तिनं विचारलं, “आबा, तुम्ही कुठं?”

“आमी रुळाच्या भाईर. गाडी जाईस्तवर.”

ती आत गेली आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार माणसं घेऊन आली. डोक्याला फडकं, हातात आगकाडीचं हत्यार. ती तिनं वळणावर, बाहेरच्या अंगाला, एका ओळीत उभी केली. नेमकी वळणावर. तिला कुणी काही सांगितलेलं नव्हतं. जागा तिथंच रुंद होती.

गाडी त्या चौघांसमोरून गेली. पोरगी आत अभ्यासाला गेली तरी मी गाडी थांबवली नाही. अण्णा पायरीवर होते, मी खाली बसलो होतो, त्यांच्या पायांशी. मी म्हणालो, “अण्णा, मी आठवीत असताना आमची सहल आली होती. येडशीला.”

“हां.”

“तुम्ही वळणावर होता. मी खिडकीत होतो.”

ते काही बोलले नाहीत. गाडी लिंबामागं गेली आणि परत आली.

“मी तोंड फिरवलं होतं.”

गाडी आणखी एक फेरा घेऊन आली. अण्णांची नजर तिच्यावरच होती. मग म्हणाले, “गाडी जाताना आमी चाकाकडं बघतो. खिडकीकडं न्हाई. खाली काय लोंबतंय का, आस तापलाय का, त्ये बघायचं आसतं. साहेब इचारतो.”

हे खरं आहे. गाडी जाताना गँगनं बाजूला उभं राहून चाकांकडं बघायचं, हा नियमच आहे. पण चाळीस वर्षं रुळावर काढलेला माणूस आपलं पोर ज्या गाडीत आहे त्या गाडीच्या खिडक्यांकडं बघत नाही, यावर मी विश्वास ठेवावा की नाही, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. मीही पुढं विचारलं नाही. थोड्या वेळानं बॅटरी उतरली आणि गाडी त्या चार माणसांच्या जरा पुढं जाऊन थांबली.

आता अण्णा सकाळी साडेपाचला पायरीवर नुसते बसत नाहीत. एक छोटी हातोडी घेऊन काठी टेकत मार्गाभोवती फेरी मारतात. चावीवाला जसा रोज आपल्या हद्दीतला रूळ चालत बघायचा तसे. सांध्यावर एक टिचकी, स्लीपरवर एक. रविवारी पोरगी बरोबर असते. वाकायचं काम तिच्याकडं. कुठला सांधा ढिला आहे ते ती आता आवाजावरून ओळखायला लागली आहे. यंदा दोन मोठे पाऊस झाले, मार्ग हलला नाही.

पाच हजारांतले 540 रुपये उरले होते. पोरीला तिसरा डबा हवा होता. बायको म्हणाली, घ्या, उरलेत तर घ्या. मी अण्णांकडं बघितलं.

“डबा मागनं,” ते म्हणाले. “आदी खडी आन. ती दरसाल लागती.”

वहीच्या त्या पानावर मी नवीन ओळ घेतली. ‘कच, दोन पोती, 80.’ आणि त्याच्या खाली पुढच्या वर्षाची एक ओळ रिकामी सोडली.